कोल्हापूरच्या माणसांना काय येतं, याचा हिशोब कधी मांडणार? जिल्हा नियोजन समितीला खुलं पत्र

प्रति,
मा. पालकमंत्री, मा. जिल्हाधिकारी आणि जिल्हा नियोजन समितीचे सर्व सदस्य,
तसेच जिल्हा सांख्यिकी कार्यालय, कोल्हापूर

सप्रेम नमस्कार,

तुमच्याकडून जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन निघतं ते मी नेमानं वाचतो. ऊस किती हेक्टर, दूध किती, शाळा किती, कुठल्या तालुक्यात पक्का रस्ता किती किलोमीटर, सगळं त्यात असतं आणि ते गोळा करायला काय कष्ट पडतात हे आकड्यात दिवस घालवणाऱ्या माणसाला चांगलं कळतं, त्यामुळं तक्रार म्हणून हे पत्र लिहीत नाहीये. पण एक गोष्ट मला त्या पुस्तकाच्या कुठल्याच तक्त्यात सापडत नाही. या जिल्ह्यातल्या माणसांना काय काय येतं, ते किती जणांना येतं, आणि त्यांच्यानंतर ते कुणाला येणार आहे. साक्षरतेचा टक्का आहे, कॉलेजं किती ते आहे, पण येतं काय ते नाही. पुढच्या समालोचनात यासाठी एक स्वतंत्र प्रकरण असावं एवढीच मागणी आहे, आणि ती का करतोय ते जरा सविस्तर सांगतो.

मी उद्यमनगर आणि शिरोली या इथल्या औद्योगिक भागांतल्या लहान फौंड्री (लोखंड ओतायचे कारखाने), मशीन शॉप, पॅटर्न शॉपवाल्यांची (साच्यासाठी नमुना बनवणाऱ्यांची) अकाउंटची कामं करतो. ताळेबंदात शेड येते, फर्नेस येते, लेथ, व्हीएमसी मशीन, येणं-देणं, शिल्लक माल, सगळं येतं. जो पॅटर्न मेकर ड्रॉइंग बघून सांगतो की इथं कोअर (पोकळ भागासाठीचा आतला साचा) अशी बसवली तर ब्लो होल (हवेची पोकळी) येणारच, तो मात्र ताळेबंदात फक्त पगार म्हणून येतो, म्हणजे खर्चाच्या बाजूला. अकाउंटिंग स्टँडर्ड २६ चं म्हणणं असं की कामगाराचं कौशल्य मालमत्ता म्हणून सहसा दाखवता येत नाही कारण कंपनीचा त्यावर पुरेसा ताबा नसतो, माणूस उद्या निघून जाऊ शकतो. आणि नियम म्हणून ते बरोबरच आहे, नाहीतर जो तो आपला ताळेबंद फुगवून बँकेत गेला असता. पण त्याचा परिणाम असा होतो की ज्या गोष्टीवर अख्खा धंदा उभा आहे ती कुठंच लिहिली जात नाही आणि जे लिहिलं जात नाही त्याची कुणी काळजीही घेत नाही. मशीनला घसारा लावतो आपण, दर वर्षी न चुकता, पण साठीला आलेल्या मेस्त्रीबरोबर काय काय संपत चाललंय त्याला कुठल्या कॉलमात टाकायचं?

हा विचार माझ्या डोक्यातून आलेला नाही. स्वीडनच्या स्कँडिया नावाच्या विमा कंपनीनं १९९४ च्या वार्षिक अहवालाला बौद्धिक भांडवलाची वेगळी पुरवणी जोडली, लीफ एडविन्सन म्हणून त्यांचे अधिकारी होते त्यांनी ते काम उभं केलं. त्यांनी ढोबळ तीन भाग पाडले: माणसांच्या डोक्यात आणि हातात असतं ते, माणसं घरी गेल्यावरही ऑफिसात उरतं ते (म्हणजे पद्धती, नोंदी, सॉफ्टवेअर, डिझाईन), आणि गिऱ्हाईक-पुरवठादार यांच्याशी असलेल्या संबंधात असतं ते. मग लोक म्हणाले कंपनीचं मोजता येतंय तर देशाचं का नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी इस्रायलनं आपल्या देशाच्या बौद्धिक भांडवलाचा अहवाल काढला, २००४ साली निक बाँटिस या अभ्यासकांनी अरब देशांसाठी असा निर्देशांक मांडला. ऑस्ट्रियानं तर २००२ च्या कायद्यानं सरकारी विद्यापीठांना असा ताळेबंद काढणं बंधनकारकच केलं. मला सगळ्यात भावलं ते जर्मनीचं, तिथल्या केंद्रीय अर्थव्यवस्था आणि श्रम मंत्रालयानं २००४ च्या आसपास लहान-मध्यम कारखान्यांना हाताशी धरून ज्ञानाचा ताळेबंद कसा मांडायचा याची मार्गदर्शिका काढली. लहान-मध्यम कारखान्यांसाठी, हे नीट वाचा. म्हणजे आपल्या उद्यमनगरसारख्यांसाठी.

आता कुणी म्हणेल भारताचे आकडे आहेत की. आहेत. वर्ल्ड बँकेच्या मानवी भांडवल निर्देशांकात २०२० ला भारताचा आकडा ०.४९ होता, म्हणजे आज जन्मलेलं बाळ पूर्ण शिक्षण आणि पूर्ण आरोग्य मिळालं असतं तर जेवढं उत्पादक झालं असतं त्याच्या साधारण निम्मंच होणार. ग्लोबल इनोव्हेशन इंडेक्समध्ये २०१५ ला आपण ८१ वे होतो ते २०२४ ला ३९ वे झालो. नीती आयोगानं राज्यांचा इनोव्हेशन इंडेक्स काढलाय. हे सगळं चांगलंच आहे, पण यातलं काहीही कोल्हापूरपर्यंत पोचत नाही, आणि पोचलं तरी त्यातून आपलं खरं चित्र दिसणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण बघा, त्याच ग्लोबल इंडेक्सवाले जगातली टॉपची शंभर शहरं-क्लस्टर काढतात. २०२४ पर्यंत ती पेटंटवाले संशोधक आणि शोधनिबंध लिहिणारे कुठं राहतात यावरून ठरायची, त्यात आपल्याकडचं बेंगळुरू, दिल्ली, चेन्नई, मुंबई येतं. त्या पट्टीनं मोजलं तर उद्यमनगर जवळपास शून्य. राष्ट्रीय उत्पन्न काढताना आता संशोधनावरचा आणि सॉफ्टवेअरवरचा खर्च भांडवल म्हणून धरतात, २०११-१२ च्या पायाभूत वर्षाच्या मालिकेपासून आपल्याकडंही तसंच आहे. पण इथली फौंड्री नवीन जॉब आला की दहा वेळा ट्रायल घेते, साच्यातलं रायझर बदलते, गेटिंग (लोखंड आत जायची वाट) बदलते, निम्मा माल रिजेक्शनला जातो आणि शेवटी एकदाचं जमतं, तो सगळा खर्च माझ्याच हातानं कच्चा माल आणि वीजबिलात जातो. ते संशोधनच आहे की! फक्त त्याला आर अँड डी असं नाव कुणी दिलेलं नाही.

फौंड्रीबाहेरच्या माणसासाठी सांगतो यात येण्यासारखं असतं काय. ग्रे आयर्न (साधं ओतीव लोखंड) थंड होताना साधारण एक टक्का आकसतं म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा, हे पुस्तकात आहे, ते कुणीही शिकतं. पण जाड-पातळ भाग एकाच कास्टिंगमध्ये असले की कुठं किती आकसेल, कुठं वाकेल, हे पुस्तक सांगत नाही, ते पॅटर्न शॉपमधला जुना माणूस सांगतो. एसजी आयर्नला (जास्त चिवट ओतीव लोखंड) मॅग्नेशियम दिलं की त्याचा असर काही मिनिटांतच उतरायला लागतो, तेवढ्यात लॅडल (ओतायचं भांडं) फिरवून सगळे साचे भरायचे, कुणी कुठं उभं राहायचं, कुणी आधी ओतायचं, ही त्या टीमची बसलेली लय असते आणि टीम फुटली की ती लय परत बसायला महिने जातात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बिहार-यूपी-झारखंडचे मोल्डर (साचे बनवणारे) गावी गेले तेव्हा कितीतरी शेडमध्ये फर्नेस शाबूत, ऑर्डर शाबूत, आणि माल मात्र निघेना. तेव्हा सगळ्यांना कळलं भांडवल कुठं होतं ते, पण त्याची नोंद कुठंच झाली नाही. आणि हेही सांगायला पायजे की त्या परप्रांतीय पोरांना जे येतं तेही कोल्हापूरचं भांडवल आहे, इथं शिकलेत ते, इथल्या मातीत हात घालून. त्यांना मोजताना गाळू नका.

गुळाचं घ्या. कोल्हापुरी गुळाला २०१४ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. आनंदच आहे. पण गूळ बनवतो कोण, तर गुळव्या. काहिलीत रस उकळताना भेंडीचं पाणी कधी घालायचं, मळी कधी काढायची, जळव्याला (चुलीत जाळ घालणाऱ्याला) जाळ कमी कर कधी सांगायचं आणि पाक नेमका कधी उतरवायचा हे तो रंगावरून, बुडबुड्यावरून, थेंब पाण्यात टाकून ठरवतो. थोडं चुकलं की गूळ एकतर बसत नाही नाहीतर काळा पडतो. जीआयच्या कागदावर गूळ सुरक्षित आहे, पण करवीर, पन्हाळा, कागलमध्ये मिळून एकट्याच्या जीवावर काहील उतरवू शकणारे गुळवे आज किती आहेत, त्यातले पन्नाशीच्या खालचे किती, कुणाचं पोरगं हे शिकतंय, हा आकडा तुमच्याकडं आहे का? गुऱ्हाळं कमी होत चालली हे सगळे बोलतात. गुऱ्हाळ परत बांधता येतं हो, वीट-माती-लोखंड कधीही मिळतं. गुळव्या कुठून आणणार?

चपलेचं तर अख्ख्या जगानं बघितलं. २०१९ ला कोल्हापुरी चपलेला जीआय, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे मिळून. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन ब्रँडनं तसलीच चप्पल दाखवली, सुरुवातीला कोल्हापूरचं नावही नव्हतं, इथून ओरड झाली तेव्हा त्यांनी मान्य केलं की प्रेरणा इथलीच. त्या वेळी आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, अभिमान वाटला, रागही आला, दोन्ही खरं होतं. पण कुणी बाहेरचा येऊन म्हणाला असता की चला, तुमच्या या ज्ञानाची किंमत सांगा, आम्ही द्यायला तयार आहोत, तर आपण काय सांगितलं असतं? कातडं हिरडा आणि बाभळीची साल वापरून कमवणारे किती, तळ शिवणारे किती, आणि घरात बसून वेणी घालणाऱ्या बायका किती, ज्यांची नोंद बहुतेक ठिकाणी 'गृहिणी' म्हणूनच होते? जीआय नाव राखतं. हात राखायचे तर आधी हात मोजायला लागतात.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, तो देश आणि प्रदेश यातल्या फरकाचा आहे. देशाचं भांडवल मोजताना पोरगं कोल्हापुरातून पुण्याला गेलं तर देशाच्या आकड्यात काहीच हलत नाही, ते भारतातच आहे. जिल्ह्यासाठी मात्र तोच सगळा खेळ आहे. गडहिंग्लज, आजरा, चंदगडच्या पोरांना शाळेपासून इंजिनिअरिंगपर्यंत आपण शिकवायचं, आईबापांनी ऊस आणि दुधाच्या बिलावर फी भरायची, आणि पहिल्या पगारापासून त्यांची सगळी कमाई, ओळखी, अनुभव हिंजवडी-चाकणच्या खात्यात. पोरांनी जाऊ नये असं मी अजिबात म्हणत नाही, जायलाच पायजे, जग बघायला पायजे. पण किती गेले, किती परत आले, आणि परत आलेल्यांनी काय आणलं हे जिल्ह्याला माहीत असायला नको का? परत येऊन शिरोलीत सीएनसीचं युनिट टाकणारे, गावात डेअरी-पॉलिहाऊस करणारे आहेत, ते जाताना होते त्यापेक्षा मोठं भांडवल घेऊन आलेत. निव्वळ गळती मोजून उपयोग नाही, आवकही मोजा.

आणि हे काही नवीन नाही. बाबूराव पेंटरांनी दादा मिस्त्रींच्या मदतीनं सिनेमाचा कॅमेरा इथं कोल्हापुरात बनवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी त्यावर चालवली. तिच्यातूनच तयार झालेल्या माणसांनी १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी सुरू केली, तीही इथंच. १९३३ ला प्रभात पुण्याला गेली. कंपनी गेली म्हणजे इमारत नाही गेली, कॅमेरामन, सेट करणारे सुतार, रंगारी, एकमेकांशी पंधरा वर्षं काम करून जमलेलं सगळं गेलं. त्या काळात कुणी हिशोब ठेवला असता तर कदाचित आधीच हाक गेली असती की अरे काहीतरी निसटतंय. कॅमेरा बनवताना एक वर्कशॉपमधला माणूस आणि एक चित्रकार एकत्र आले होते हे पण बघा, असल्या ओळखी हेच ते संबंधांचं भांडवल. उद्यमनगरात आजही एक पार्ट पाच शेडमधून फिरून तयार होतो, पॅटर्न एकाकडं, कास्टिंग दुसऱ्याकडं, मशीनिंग तिसऱ्याकडं, हार्डनिंग आणि ग्राइंडिंग अजून कुठं, आणि सगळं एका फोनवर, बऱ्याचदा चलन मागाहून. बाहेरच्या शहरात नवीन एमआयडीसीत प्लॉट मिळेल, ही साखळी मिळणार नाही.

शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगं उभी केली, १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. लहान संस्थान होतं, तिजोरी काही अथांग नव्हती, तरी तो खर्च त्यांनी आधी धरला. आज आपण जे काही आहोत त्यातलं लई मोठं भांडवल त्या खर्चातून आलंय, आणि आपल्याकडं त्याची शिल्लक किती राहिली हे सांगणारा एकही कागद नाही.

एक विनंती मात्र जोडून करतो. कृपा करून याचा एकच आकडा, एकच रँक काढू नका. असे निर्देशांक बनवताना कुठल्या गोष्टीला किती वजन द्यायचं हे कुणीतरी टेबलावर बसून ठरवतं, वजन जरा बदललं की पहिला नंबर पाचवा होतो. आणि एकदा रँक आली की तालुके आकडे सजवायला लागतात, मग मोजणी गेली कामातून. स्कँडियाचीच गोष्ट घ्या, एवढी नावाजलेली पुरवणी काढणारी कंपनी पुढच्या दशकात अधिकाऱ्यांच्या बोनसच्या प्रकरणात बदनाम झाली. तेव्हा साधे तक्ते द्या, बाराही तालुक्यांचे, कच्चे, जसे आहेत तसे. सुरुवातीची काही वर्षं तरी या आकड्यांना कुठलाही निधी किंवा बक्षीस जोडू नका.

करायचं कसं, तर त्याला फार मोठी यंत्रणा लागणार नाही. सध्या अडचण अशी की उद्योगांची वार्षिक पाहणी मुख्यतः कायद्यानं फॅक्टरी म्हणून नोंदलेल्या, ठराविक संख्येपेक्षा जास्त कामगारांच्या कारखान्यांचीच होते, आणि आपल्याकडची निम्मी हुशारी त्याखालच्या शेडमध्ये, घरात, गुऱ्हाळात आहे. सहावी आर्थिक गणना २०१३ ची, सातवीचे आकडे बाहेरच आले नाहीत. त्यामुळं वरून काही येईल म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही. पहिल्या वर्षी फौंड्री-पॅटर्न, चप्पल आणि गूळ एवढेच तीन धंदे नमुन्यादाखल घ्या, जमलं तर मग इचलकरंजीचे माग, हुपरीची चांदी, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ. प्रत्येक ठिकाणी थोडेच प्रश्न विचारा: हे काम कुणाच्या मदतीशिवाय करणारी माणसं किती, त्यांची वयं काय, हे यायला त्यांना किती वर्षं लागली, आत्ता हाताखाली कोण शिकतंय, आणि यातलं काही ड्रॉइंग, वही, व्हिडिओ अशा रूपात कुठं उतरवून ठेवलंय का. वय आणि हाताखालचा शिकाऊ हे दोनच कॉलम शेजारी ठेवले तरी कुठं आग लागलीय ते दिसेल. पोरांच्या जाण्या-येण्यासाठी आयटीआय, पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंग कॉलेजांनी पास होऊन तीन वर्षं झालेल्यांना एक मेसेज पाठवून कुठं आहात एवढं विचारलं तरी पुरे, आणि जनगणना आता होतेच आहे, तिच्यातली स्थलांतराची माहिती आली की पडताळा घेता येईल. शिवाजी विद्यापीठात अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्राचे विभाग आहेत, एमएची, एमएस्सीची पोरं प्रोजेक्ट शोधत असतात, त्यांना हे द्या. पैशाचा प्रश्न आला तर नियोजन समितीकडं नाविन्यपूर्ण योजनांसाठी निधी असतो, त्यातल्या अगदी थोडक्या रकमेत हे बसेल.

लोक खरं सांगतील का, हा प्रश्न तुम्हाला पडणार. धंदेवाला सरकारी फॉर्म बघितला की जीएसटी आणि फॅक्टरी इन्स्पेक्टर आठवून निम्मंच सांगतो, हे मी रोज बघतो. सांख्यिकी संकलन कायदा २००८ नं एकट्यादुकट्याची माहिती गुप्त ठेवायची हमी दिलीय, ती फॉर्मच्या वरच ठळक मराठीत छापा, आणि फॉर्म घेऊन जाणारा माणूस त्या धंद्यातल्या ओळखीचा असू दे, जमल्यास त्यांच्याच असोसिएशनचा. चपलेच्या आणि वेणीच्या कामात विचारायला बायका पाठवा, नाहीतर उत्तर घरातला पुरुषच देईल आणि परत गृहिणी म्हणूनच नोंद होईल.

आमच्या बाजूनं आम्ही काही अकाउंटवाले आपापल्या क्लायंटकडून हा फॉर्म भरून घ्यायला तयार आहोत, नाव-पत्ता न लिहिता, कसलाही मोबदला न घेता. ऑडिटचा सीझन सप्टेंबरअखेर संपतो, त्यानंतर लगेच सुरू करता येईल. फॉर्मचा एक पानाचा मराठी मसुदा आम्ही करून ठेवलाय, त्यात तुमच्या कार्यालयातल्या जाणकारांनी काटछाट करावी. समितीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या आणि त्या दिवशी आम्हाला पंधरा मिनिटं बोलायला द्या, पॅटर्न शॉपमधला एक जुना मेस्त्री आणि एक गुळव्या यांनाही आम्ही सोबत घेऊन येतो, प्रश्न त्यांनाच विचारा.

आपला,
उद्यमनगरातला एक हिशोबनीस
कोल्हापूर